पानं सोललेला ऊस

“ताई, ऊस घ्या की! तुळशीच्या लग्नाला!”

त्यानं मोळी हलवली, पानं सळसळली आणि मी जी मागे उडी मारली ती थेट शेजारच्या झेंडूच्या ढिगात. अख्खा अंबडचा बाजार हसला.

“अहो, ऊस आहे, बिबट्या नाही!”

“तेच तर...” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

आमची आजी हरसूलहून ऊसतोडीला यायची. बांधावर निजवलेली तिची थोरली लेक बिबट्यानं नेली. माझी आई त्यानंतर जन्मली, मी तर कितीतरी नंतर. पण उसाचं पान वाजलं की आम्हा दोघींचे हातपाय गार पडतात. आमच्या तुळशीला मांडव ज्वारीच्या ताटांचा.

हे मी त्याला का सांगितलं, देव जाणे! त्यानं मोळी हळूच खाली ठेवली. समाधान त्याचं नाव, निफाडकडचा. मग तो आमच्या कंपनीबाहेर चहाला येऊ लागला. येताना शर्टावरचं पाचट झटकून यायचा... मी तिथंच विरघळले.

“लग्न करशील माझ्याशी?”

“पहिल्या दिवशी ताई म्हणाला होतास!”

“ती गिऱ्हाईक होती गं.”

“तुझ्या घराच्या चारी बाजूंनी ऊस, समाधान. मी कशी राहू रे तिथं?”

त्यानं बाहीला राहिलेलं पाचट काढून टाकलं.

थंडीत त्यांच्या तोडीत बिबट्याची दोन पिल्लं सापडली. वनखात्यानं ती दिवेलागणीला तिथंच खोक्यात ठेवली, आई येऊन नेईल म्हणून. समाधाननं मला बोलावलं. लांब, गाडीत काचा लावून बसलो. ती आली. एक पिल्लू तोंडात धरून गेली... आणि दुसऱ्यासाठी परत आली.

मी हमसून हमसून रडले. “माझी आजीही त्या बांधावर बसून राहिली होती रे. तिची लेक कुणीच परत दिली नाही.”

त्यानं माझा हात धरला तो घरी सोडेपर्यंत सोडला नाही. उतरताना मीच म्हणाले, “मला तुझ्याबरोबरच राहायचंय. पण आईला ऊस चालला तर.”

यंदा तुळशीच्या लग्नाला मी दारात उभी राहिले. “आई... समाधाननं ऊस आणलाय.”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं तुळशीकडे पाहिलं.

“पानं काढून आण म्हणावं,” ती म्हणाली. “वाजायला नकोत.”

“तो पायरीवर बसून तेच करतोय.”

आईनं डोळ्यांना पदर लावला.

“मग बाहेर कशाला बसवलंस त्याला? आत बोलाव.”