पंखेवाल्याची दोरी

विक्या, फोन ठेवू नको बे, पयले ऐक! निरंजनच्या घरून बोलून राहिलो, रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातून. आत्ताच आणलं त्याले.

मी अन् तो त्या इंग्रजांच्या बंगल्याचं काम करून राहिलो ना? रायपूर राजधानी झालं अन् असे कितीक बंगले पडले, हा वाचवला. उद्या लोकांसाठी उघडणार. चुन्याच्या जाडजूड भिंती, मधल्या खोलीत कापडाचा झुलता पंखा. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून मागच्या वऱ्हांड्यात जाते. आत साहेब झोपायचा, बाहेर माणूस रात्रभर ओढायचा.

आज हरेलीची अमावस, इकडच्या शेतकऱ्यांचा सण. सकाळी लोहार आला, दरवर्षीसारखा चौकटीत खिळा ठोकाले. वाईट काही घरात शिरू नये म्हणून. आमच्या कामावरच्या मोठ्या मीरा मॅडम म्हणाल्या, "भैया, जुनं सागवान आहे, खिळा नको." आधीचे खिळे तर आम्हीच उपटले होते. पूर्ण रांग होती बे. भोकं बुजवून वरून पॉलिश मारलं.

अंधार पडल्यावर लाइटा पाहाले गेलो. निऱ्याले मस्ती सुचली. वऱ्हांड्यात आडवा झाला, दोरी पायाच्या अंगठ्याले बांधली.

"पंखेवाले असेच ओढायचे. हुकूम करा, साहेब!"

"जोरात ओढ पोट्ट्या, पगार कापीन!" मी आतून व्हिडिओ काढून राहिलो. पंखा झुलला. काय गार हवा!

"बस, झालं."

पंखा झुलतच.

"निऱ्या, बस म्हणलं ना!"

भोकातून आवाज आला. बारीक.

"भाऊ... मी नाही ओढून राहिलो. आतून कोण ओढून राहिलं?"

आत मी एकटा होतो.

मागं पळालो. दोरी ताणलेली. पाय भिंतीकडे... परत... भिंतीकडे. गाठ सुटेना. पाय धरला, तर मीच ओढल्या गेलो. निऱ्या रडून राहिला. "सोडव ना भाऊ..."

पक्कडनं दोरी कापली.

पंखा थांबला.

आता झोपला आहे तो. दाराले हरेलीचा, राखणीचा निंबाचा डहाळा आहे. कलावती मावशी, त्याची आई, पाय मांडीवर दाबून बसली आहे. अंगठ्याले दोरी नाही, मीच काढून फेकली. पण पाय... हालून राहिला बे. एका तालात. पुढे... मागे...

"बस, झालं" म्हणून म्हणून थकलो. माह्या हुकमानं थांबत नाही.

मावशी विचारते, "काहून रे बाबा असं?" काय सांगू तिले?

दोरी कापाले नको होती का? विक्या, सांग ना. तू असता तर काय केलं असतं?