लिंबावरची पिशवी

लिंबाच्या फांदीला पिशवी नव्हती.

गिरिजाबाई त्या रिकाम्या फांदीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी असा हंबरडा फोडला, की कोनाड्यातली पारवी उडाली आणि सभामंडपात पेंगुळलेले सिद्धेश्वर दचकून उठून बसले.

"कुणी नेली वो माझी पिशवी!"

जून लागला होता, पण आभाळात ढगाचं नख नव्हतं. भूमच्या पलीकडं, उघड्या माळावर चिंचेश्वराचं जुनं दगडी देऊळ एकटंच तापत उभं होतं. सकाळी धाराशिवहून निघालेली एका दिवसाची सहल तेर बघून इथं टेकली होती. उन्हं उतरली की मानकेश्वर. उन्हाच्या भयानं निम्म्यांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं. उरली होती ती तामलवाडीच्या गिरिजाबाई, नळदुर्गचे निवृत्त मुख्याध्यापक महांतप्पा, मागच्या सीटवर एकटीच बसणारी प्रीती, आणि गाडी चालवणारा, सहल काढणारा युवराज.

शिवाय अयोध्याबाई सरवदे. धाराशिवच्या बसस्टँडमागं त्यांचं खासगी तपासाचं ऑफिस. सिद्धेश्वर त्यांचे मदतनीस. "बाई, एक दिवस चोराबिगर काढू," म्हणून त्यांनीच आग्रहानं हे देवदर्शन ठरवलं होतं.

गिरिजाबाई थेट अयोध्याबाईंपुढं आल्या. "तुमीच न्हवं त्या तपासवाल्या? माझी पिशवी हुडकून द्या. आजच पायजे. उद्या ती न्हाय दिसली तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाय मला."

"काय होतं पिशवीत, मावशी?"

"डबा." नजर जमिनीला खिळलेली. "डबाच हाय."

सिद्धेश्वर अयोध्याबाईंच्या कानाशी लागले. "डब्यासाठी एवढा आकांत? अन् मघाशी जेवताना तर युवराजचीच भाकरी खाल्ली बघा त्यांनी. सकाळी गाडीत मी त्यांच्या शेजारी बसाय गेलो, तर म्हणल्या, 'तिथं माणूस हाय.' बघतो तर पिशवी! तिलाच काहीतरी गुणगुणत व्हत्या."

"काय गुणगुणत होत्या?"

"ओवी व्हती बाई.
वैशाखाच्या उन्हामंदी, माझा तापला गं माळ,
एका झाडाच्या सावलीत, बसं माझं तान्हं बाळ."

अयोध्याबाई लिंबाकडं बघत होत्या.

देवळाच्या दरवाजात चपला काढायच्या, ही इथली रीत. दरवाजापासून मंडपापर्यंत गुरवानं ओली तरटं अंथरली होती, तेवढ्यावरूनच चालता येत होतं. लिंब मात्र आवाराच्या पार टोकाला, तापल्या फरशीपलीकडं. त्याच्या बुडाशी पिकल्या लिंबोळ्यांचा सडा पडला होता. सगळे आले तेव्हा तिथवर सावली होती, ती केव्हाच सरकली होती. ज्या फांदीला पिशवी टांगली होती, तिच्यावर लख्ख ऊन होतं. अयोध्याबाईंनी तरटाबाहेर एक पाऊल टाकलं आणि चटकन मागं घेतलं.

"अन् ह्या साळुंक्यांना काय झालंय?" सिद्धेश्वर वैतागले. "एवढ्या उन्हात देवळामागं कशाला भांडायल्यात?"

अण्णाराव गुरव दरवाजाच्या उंबऱ्यावर बसले होते. "बाई, म्या हितनं हाललो न्हाय. एकबी पिशवी भाईर गेली न्हाय. ह्यो युवराज पाण्याचा जार आणाय गेला, मोकळ्या हातानं. आला तवापासून माझ्यापाशीच गप्पा हाणत बसलाय. पर व्हतं काय पिशवीत?"

"सोनंनाणं तर नव्हतं ना?" युवराजनं घाम पुसला. "मॅडम, पोलीस नको हं. धंदा बसंल माझा. आधीच ही ट्रिप रडतखडत निघालीय. ह्या आजीच्या लेकानं पुढच्या दोन अन् सगळ्यात मागची एक, अशा तीन सीटा फोनवर सांगून ठेवल्या, अन् स्वतःच आला न्हाय!"

महांतप्पा ओवरीत पाय पसरून वारा घेत होते. पायांत पांढरे मोजे.

"गुरुजी, ह्या उन्हात मोजे?"

"डोकं वापरलंय बाई! मोज्यांना देवाची हरकत नसते. मी मागच्या भिंतीवरची शिल्पं बघून आलो, सावलीसावलीनं." त्यांनी पाय उचलून तळवे दाखवले. धुळीनं राखाडी झालेले, बाकी काही नाही. "एवढं काय होतं त्या डब्यात? माझा न्या म्हणावं, स्टीलचा आहे."

प्रीती बारवेच्या पायऱ्यांवर होती. पाय घोट्यापर्यंत पाण्यात, डोकं उघडं. सकाळी तेरला तिनं पिवळी ओढणी डोक्याला आणि तोंडाला घट्ट गुंडाळलेली होती.

"तुम्ही काही बघितलंत?"

"नाही." ती पाण्याकडंच बघत होती. मग म्हणाली, "सापडेल ना त्यांना?"

सिद्धेश्वरांनी सगळ्या ओवऱ्या, कोनाडे, दीपमाळेच्या मागचा कोपरा धुंडाळला. पिशवी नव्हती. "गुरुजीच हाय बाई," ते हळूच म्हणाले. "मोजे घालून लिंबापर्यंत कोणबी जाईल."

"जाईल. आणि पायाखाली लिंबोळ्या चिरडून येईल. त्यांच्या मोज्यांना पिवळा ठिपका तरी दिसला का?"



अयोध्याबाई एकट्याच मंडपाच्या कडेनं देवळामागं जाऊन आल्या. आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी महांतप्पांना आणि युवराजला गाडीपाशी पाठवलं.

"अन् चोर?" महांतप्पा म्हणाले.

"इथं चोर नाही, गुरुजी."

अण्णारावांकडून ओली तरटं मागून त्यांनी बारवेपर्यंत अंथरली. गिरिजाबाईंचा हात धरून त्यांना प्रीतीच्या वरच्या पायरीवर बसवलं.

"आधी पिशवीचं बोलते," अयोध्याबाई म्हणाल्या. "मावशी, तेरला तुम्ही ती बाहेर बाभळीला टांगलीत. इथं दरवाजाबाहेर झाडच नाही, म्हणून आत लिंबाला. मंडपाचा उंबरा तिला कुठंच ओलांडू दिला नाहीत. तुम्हीही पायरीवरूनच हात जोडलेत. जेवताना डबा उघडला नाहीत. घरात न नेता झाडाला टांगून ठेवतात, अशी आपल्याकडं एकच गोष्ट."

गिरिजाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. "माझा किसना," त्या म्हणाल्या. "कृष्णराज. सोलापूरच्या रस्त्यावर गाडीनं उडवला. उद्या दहावा. भावकी नदीवर वाट बघणार. शेतातल्या झाडावरनं काढून आणला म्या, कुणाला न सांगता. त्यानं फोनवर कबूल केलतं, 'आई, तुला देवळं दाखवतो.' मी म्हणलं, त्याचं बोलणं खोटं कशाला पडावं."

अण्णारावांनी देवळाकडं बघून हात जोडले.

"आता नेणाऱ्याचं," अयोध्याबाईंचा आवाज खाली आला. "पिशवी बाहेर गेली नाही. युवराज अण्णारावांच्या नजरेसमोर होता. गुरुजींच्या मोज्यांना लिंबोळी लागली नाही. 'पिशवीत काय होतं,' हे प्रत्येकानं विचारलं. एकीनं नाही. तिला ते माहीत होतं. चोरानं पिशवी अंधाऱ्या ओवरीत कोंबली असती. हिनं ती जमिनीला टेकवली नाही. म्हणून मी झाड शोधलं. मागं बेल आहे, दाट सावलीचा. त्याला पिशवी टांगलीय, पिवळ्या ओढणीत गुंडाळून. ओढणी ह्याच बारवेत भिजवलेली. ती ठिबकतेय आणि साळुंक्या त्या थेंबांवर भांडतायत. पिशवीला मी हात लावलेला नाही."

त्या प्रीतीकडं वळल्या. "पोरी, पाय वर घे."

प्रीतीनं पाय पाण्याबाहेर काढले. तळवे लालभडक, टरारून फोड आलेले.

"तू... ती?" गिरिजाबाई पायरीवर मागं सरकल्या. "तुझ्यापायी सा वरसं पोरगं घराकडं फिरकलं न्हाय!"

"मी रोज म्हणायचे, जा. तो म्हणायचा, दोघंच जाऊ. दोघांना तुमचं दार बंद होतं. आमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर, म्हणून." प्रीती रडत नव्हती, नुसती सांगत होती. "गेला त्या दिवशी तुमच्या भावकीतून फोन आला. तू आलीस तर मयताला अग्नी मिळायचा नाही. मी नाही आले. तोंडसुद्धा बघितलं नाही मी त्याचं. तेरला पिशवी झाडाला टांगलेली बघितली तेव्हाच कळलं, तो ह्यात आहे. इथं लिंबाची सावली सरकली, त्याच्यावर ऊन आलं. त्याला ऊन सोसत नव्हतं. कपाळ धरून बसायचा. मला फक्त सावलीत न्यायचा होता. पण हातात आल्यावर परत देववेना. तुम्ही ओरडलात तेव्हा सांगायला उठले, तर पाय टेकवेना अन् तोंड उघडेना."

गिरिजाबाई त्या तळव्यांकडं बघत होत्या.

"लहानपणापास्नं," त्या पुटपुटल्या. "ऊन लागलं की कपाळ धरायचा."

"मावशी," अयोध्याबाई म्हणाल्या, "तिन्ही सीटा त्यानं एकाच फोनवर सांगितल्या होत्या. दोन पुढं, एक मागं."

"मला फोनवर म्हणला व्हता, देवळात एक गोष्ट सांगायचीय. रागवू नको म्हणला."

"मला म्हणाला होता," प्रीती म्हणाली, "तू मागं बस. आई हसली, की मी खुणावतो. मग पुढं ये."

बारवेत कुठंतरी बेडकानं उडी मारली. त्या एवढ्याशा आवाजानं सिद्धेश्वरांचे डोळे भरून आले आणि ते उगाच तरट सारखं करू लागले.

अण्णाराव पुढं आले. "आवारात अस्थी आणल्या म्हणून घाबरू नगा, आक्का. महादेव मसणातच ऱ्हातो."

गिरिजाबाईंनी पदर पाण्यात बुचकळला आणि प्रीतीच्या पायांवर ठेवला. "उद्या नदीवर यायचं. तू आल्याबिगर कावळा शिवायचा न्हाय."

"मी ते मानत नाही."

"नगं मानू. कावळा मानतो. भावकीला मी बघून घेते."

उन्हं कलल्यावर गाडी निघाली. गिरिजाबाई आपल्या जागी बसल्या. ओल्या ओढणीतली पिशवी आता त्यांच्या मांडीवर होती. प्रीती तरटाच्या चिंध्या पायांना बांधून, लंगडत, सवयीनं मागच्या सीटवर जाऊन बसली.

सिद्धेश्वरांनी पुढची मोकळी सीट बघितली. "बसू का आता?"

"तिथं माणूस हाय," गिरिजाबाई म्हणाल्या.

आणि मागं वळून त्यांनी खुणावलं.