सहानंतरचा श्वास

हे मी सांगायचं नव्हतं. ताईने माझा हात घट्ट धरून तसं कबूल करून घेतलं होतं. माझ्या पोटात काही राहत नाही असंही नाही. वर्गात नाव विचारलं तरी मी खाली बघते, मी कोणाला काय सांगणार? पण आज पहाटेपासून राहवत नाहीये. म्हणून लिहून ठेवते, ताईने मला सांगितलं तसंच.

आमच्याकडे दर रविवारी सकाळी बाराजण फिरायला निघतात. कालव्याच्या कडेने चालत तळ्यापर्यंत, तिथून एकट्याने वल्हवायच्या कयाक होड्यांतून पलीकडचा काठ, थर्मासमधला चहा, आणि तसंच परत. प्रत्येकाचा नंबर ठरलेला. तोच होडीवर, तोच बुडू नये म्हणून घालायच्या जाकिटाच्या पाठीवर, तोच काठावरच्या शेडमधल्या खुंटीवर. तळ्याच्या मध्यावर मोजणी होते. पहिल्याने 'एक' म्हणायचं, मग 'दोन', असं शेवटपर्यंत. सगळ्यांत मागे असतो तो बारा नंबर. शिट्टी त्याच्या गळ्यात. काठाला लागल्यावर पुन्हा मोजणी, आणि मग बारा नंबरने म्हणायचं, "सगळे आले." तो ते म्हणेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही, मग घरी दूध उतू जात असो की पाहुणे दारात उभे असोत.

कित्येक वर्षं बारा नंबर आमचे बाबा होते.

गेल्या वर्षी एका रविवारी पाणी आरशासारखं होतं, गप्पा रंगात आल्या होत्या, आणि बाबांनी मध्यावरची मोजणी घेतलीच नाही. कशाला उगाच, असं वाटलं. काठावर मोजणी झाली तेव्हा सहानंतर कोणी बोललं नाही. सात नंबर पोस्टमनकाकांचा. त्यांची होडी लव्हाळ्यात सापडली, आणि थोडं पुढे त्यांचं जाकीट. जाकिटाची सगळी बकलं लावलेली होती. काका सापडले नाहीत.

बाबांनी त्या दिवशी 'सगळे आले' म्हटलं नाही. कसं म्हणणार? शिट्टी त्यांनी टेबलाच्या खणात टाकली आणि त्यानंतर घरात असून नसल्यासारखे झाले. जेवताना घास हातात धरून लांबचं काहीतरी ऐकत बसायचे. आई म्हणायची, "माणूस घरी आला, कान काठावरच राहिले."

शिट्टी ताईने उचलली. बारा नंबर तिचा झाला, तिचा आधीचा आठ मोकळा राहिला. सात नंबरही कोणी घेतला नाही. मोजताना सहा झाले की सगळे एक श्वास थांबायचे, मग नऊ. तसं कोणी ठरवलं नव्हतं, सवय पडत गेली.

वर्षभर मागे लागून ताईने अखेर बाबांना तयार केलं. त्या रविवारी ते पाण्यात उतरले नाहीत तर पुन्हा कधीच उतरणार नाहीत, आणि हळूहळू जेवायलाही उठणार नाहीत, हे तिला दिसत होतं.

शेडमध्ये बेकरीवाल्या काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचा नंबर एक.

"उगवलात एकदाचे," त्या बाबांना म्हणाल्या. "मी तर तुमच्या होडीत कोंबड्या पाळायच्या ठरवल्या होत्या."

"पाळा की. निदान अंडी तरी ताजी मिळतील तुमच्या केकला."

सगळे हसले. ताई सांगते, बाबांचा विनोद तिने कित्येक महिन्यांनी ऐकला.

"आठ नंबर रिकामा आहे," काकू म्हणाल्या. टेलरमामा, नंबर सहा, म्हणाले, "आणि सात..." आणि मग आपल्या जाकिटाच्या पट्ट्याशी उगाच खेळत बसले.

जाताना ऊन होतं. पलीकडे चहा झाला. बाबांनी वल्हं हातात असं धरलं होतं की जणू ते कधी खाली ठेवलंच नव्हतं. परत निघाले आणि धुकं आलं. कुठून आलं ते कोणाला कळलं नाही. पाण्यानेच हळूच एक पांढरा श्वास सोडावा तसं ते वर आलं. आधी काठ गेला, मग पुढच्या होड्या, मग ताईच्या स्वतःच्या होडीचं टोक. वल्ह्यांचा आवाज मऊ झाला, उशीत झोपल्यासारखा. ताईला भीती नाही वाटली. उलट सगळं फार हलकं वाटत होतं. फक्त एक वास येत होता, ओल्या कागदाचा आणि पाकिटाच्या डिंकाचा.

तिने शिट्टी वाजवली. मोजणी.

"एक," काकू, खूप लांबून. दोन. तीन. चार. पाच.

"सहा," टेलरमामा.

श्वास.

आणि त्या श्वासात कोणीतरी म्हणालं, "सात."

घाबरवायला नाही. उशिरा आलेलं मूल दारातून हळूच 'हजर' म्हणतं, तसं.

त्यानंतर आठ यायला हवा होता. आला नाही. नऊ नंबर वाट बघत थांबला.

"बाबा," ताई म्हणाली. "आठ म्हणा."

डावीकडून, लव्हाळ्याच्या बाजूने, आवाज आला. "तो बोलला..."

"होडी फिरवा, बाबा."

"तू ऐकलंस की नाही? खरं सांग."

खोटं बोलणं सोपं होतं. "ऐकलं," ताई म्हणाली.

बाकीच्यांना जागेवर थांबायला सांगून ती आवाजाकडे वळली. धुक्यात आधी तिला बाबांची पाठ दिसली, पाठीवरचा आठ. ते जाकिटाची बकलं सोडत होते. दोन सुटली होती, तिसऱ्यावर बोटं होती. भोवतीचं पाणी अगदी स्थिर होतं. फक्त बाबांची होडी हलत होती, कोणी कडेला हात टेकून उभं असल्यासारखी.

"वर्षभर थांबलाय तो," बाबा म्हणाले. "जायला सांगितलंच नाही ना कोणी... नियम म्हणजे नियम. मीच शिकवला होता त्याला."

ताईने गळ्यातली शिट्टी काढली आणि वाकून बाबांच्या गळ्यात घातली. तिचे हात इतके गार होते की दोरी दोनदा निसटली.

"ती मोजणी तुमची होती," ती म्हणाली. "तुम्हीच संपवा."

बाबांनी ओठ ओले केले. मग म्हणाले, "सगळे आले." आणि थोडं थांबून, अगदी हळू, "चल आता. घरी जाऊ."

होडी हलायची थांबली. बाबांनी बकलं एकेक करून परत लावली. ते शेवटचं वाक्य कोणाला होतं, ते ताईने विचारलं नाही.

काठावर मोजणी झाली. सहानंतर सगळे सवयीने थांबले, पण काही ऐकू आलं नाही. मग बाबांनी खणखणीत "आठ" म्हटलं. काकूंनी डोळे पुसले आणि धुकं डोळ्यांत गेलं म्हणाल्या. ताई शेडमध्ये सगळ्यांच्या आधी गेली. सात नंबरच्या खुंटीखाली पाण्याचं थारोळं होतं. वर्षभर तिथे वाळत टांगलेलं जाकीट टपटप गळत होतं. तिने ते आपल्या टॉवेलने टिपलं, फरशी पुसली, आणि घरी आल्यावर रात्री मला सांगून टाकलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं तिला.

तेव्हापासून बाबा पोटभर जेवतात. झोपतात. आईशी भांडतातसुद्धा. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता सात नंबर रिकामा ठेवायचं कारण नाही. तो मला दिला. आज माझा पहिला रविवार.

पट्टे माझ्या मापाचे करायला ताईने ते जाकीट काल घरी आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलं. माझा आवाज चारचौघांत फुटत नाही, म्हणून पहाटे तिने स्वयंपाकघरातच सराव घेतला. एक ते सहा तिनेच म्हटले. मी श्वास घेतला. आणि मी तोंड उघडायच्या आत कोणीतरी "सात" म्हणालं.

"बघ, येतो की तुझा आवाज," ताई हसून म्हणाली. ती पाठमोरी होती, शिट्टीची दोरी शोधत. बाबा मात्र माझ्याकडे बघत नव्हते. चहाचा कप हातात घेऊन ते दाराकडे बघत होते, आणि मग बाकावर थोडे सरकले, शेजारी जागा करून दिल्यासारखे.

मी जाकीट घेऊन माझ्या खोलीत आले, हात लावून पाहिलं, कोरडं होतं. अंगात घातलं आणि लिहायला बसले. बकलं मी लावलेली नाहीत, ताई येऊन लावून देणार होती. आता पाठीला ओलं लागतंय, खोलीत डिंकाचा वास येतोय, आणि ती बकलं खालून वर एकेक करून लागतायत... ताई हाक मारतेय. आले गं, आले, एवढंच लिहिते, की शेवटचं बकल