बयाबाईची वेणी

ही गोष्ट तुम्हाला पटायची नाही. पटली तर माझीच पंचाईत. थापाड्या म्हणून पंचक्रोशीत कमावलेलं नाव बुडायचं. तरी ऐका.

भोरात संस्थानी अंमल होता तेव्हाची हकिकत, सन एकतीसच्या वैशाखातली. आंबवड्याच्या आनंदरावानं भाड्याची मोटार केली. वरंध घाटाकडच्या रानात शेकरू दिसतं, धनेश दिसतो, आणि झाडांच्या अंगावर सीतेची वेणी नावाचं फूल फुलतं, असं त्यानं ऐकलं होतं. बरोबर धाकटी बहीण घेतली, बयाबाई. वय विशीचं, आणि कपाळ दोन वर्षांपासून मोकळं. वहिनी म्हणाली, हिला आता कसली फुलं बघायचीत? बयाबाई मोटारीत पुढच्या बाजूला जाऊन बसली.

नीरेच्या कडेनं धुरळा उडवत ते हिर्डोशीच्या पुढं गेले. एका चढावर इंजिन तापलं. शेजारीच देवीची राई होती. सावलीला शेरडं घेऊन बसलेल्या रखमाजीनं दोघांना वहाणा काढायला लावल्या आणि रीत सांगितली : राईतली वाळकी काटकीही न्यायची नाही.

बाहेर ऊन भाजत होतं. आत पाय टाकताच ओल्या मातीचा गारवा घोट्यापर्यंत चढला. वर शेकरू शेपूट सोडून बसलं होतं. आनंदराव त्याच्याकडे बघत राहिला. बयाबाईला मात्र हाताशी आलेल्या फांदीवर वेणी दिसली. पांढरी, जांभळे ठिपके, वीतभर लोंबणारी. तिनं ती मुळासकट ओढून काढली आणि अंबाड्यात खोवली.

रखमाजी तिच्यावर ओरडला नाही. घेतलंस तर बदल्यात काहीतरी ठेव, एवढंच म्हणाला. बयाबाई हसली. आपल्या डोक्यातले चार केस उपटून तिनं त्या फांदीला गाठ मारली.

"घ्या, फिटलं."

"आगं, अंगातलं कुणी देतं व्हय?" रखमाजी पुटपुटला.

परतताना रस्त्याकडेच्या झाडांवर वानरं बसली होती. एकही ओरडलं नाही. मोटार जाईल तशा त्यांच्या माना वळत होत्या.

आठवड्यानंही फूल सुकलं नाही. फणी केसांत अडू लागली. वहिनीनं अंबाडा सोडून पाहिला, तर बोटासारखी जाड, हिरवट मुळं डोक्याच्या कातडीत गेलेली. आनंदरावानं कात्री लावली. बयाबाई किंचाळली; कात्री मात्र मुळाला लागली होती, तिला नव्हे.

गावात कुजबुज सुरू झाली. विधवा फूल माळून हिंडते, हे लोकांना मुळांपेक्षा जास्त टोचत होतं. पाणवठ्यावर बायका बाजूला सरकत. बयाबाई मुद्दाम पदर खांद्यावर टाकून मधून चालत जाई.

भावाचं धाबं दणाणलं. त्यानं रखमाजीला बोलावणं धाडलं. म्हातारा आला तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"देवीची वस्त हाय पोरी. माघारी दे."

"देवीला वेण्या लई हायेत," बयाबाई म्हणाली. "मला ही येकच."

रखमाजी जायला वळला.

मग म्हणाला, "फांदीवरचं तुजं क्यास वाढत्यात. भुईला टेकलं काल."



बयाबाईनं हळूच विचारलं, "काळं हायेत?"

"काळं. त्याल घातल्यावानी."

"मग ऱ्हाऊ द्या."

पण भावाला राहवेना. शेवटी एके सकाळी त्यानं तिला पुन्हा मोटारीत घातलं. राईत गेल्यावर तिला रडू फुटलं. तिनं देवीपुढं नाक घासलं, आणि वेणी आपसूक सुटून फांदीवर जाऊन बसली. पोर घरी आली ती मोकळ्या डोक्यानं. तिथून पुढं तिनं कधी फुलाचं नाव काढलं नाही...

"खोटं."

आमच्या ओटीच्या कोपऱ्यात वाल सोलत बसलेली म्हातारी बोलली. मुक्कामाला आली की डोक्यावरचा पदर झोपेतही न काढणारी. आम्ही सगळे तिला नुसतं आत्या म्हणतो.

"रडली न्हाई म्या. नाक बी घासलं न्हाई. गाडीतनं उतरलेच न्हाई." तिनं हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "आन मोकळ्या डोक्याचं काय सांगतूस? वेणी पाठीवरनं पार कमरंपत्तूर उतरलीया. यंदा कळ्या बी धरल्यात."