दोन घंट्या

डिझेल घेऊन प्रदीप बोईसरहून परत येईपर्यंत पाऊण तास तरी जाईल. तोवर जनरेटर बंद, मांडव अंधारात, आणि तुम्ही म्हणता झोप येत नाही. मग ऐका. जागृती, तो मोबाईलचा उजेड बंद कर बघू. भीती वाटली तर लाव, पण मग गोष्ट तिथंच थांबेल.

वामन तीस वर्षं माझा भागीदार. सातपाटीचा. मी साउंड बघायचो, तो लाइट. तुमच्यापैकी कुणी त्याला पाहिलेलं नाही, कारण तुम्ही कामाला लागायच्या आधीच त्यानं धंदा सोडला. लोक मला विचारतात, भांडलात का? नाही भांडलो. काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षीची सतरा जानेवारी, शुक्रवार. रात्री पावणेअकराला वामन मोटारसायकल काढून एडवणच्या बाजूला निघाला. काम साधं होतं. तिकडच्या एका जुन्या चर्चमध्ये शनिवारी कार्यक्रम होता, त्याची जोडणी आम्ही संध्याकाळी करून आलो होतो, आणि केबलचं एक रीळ माळ्यावर विसरलं होतं. सकाळी दुसरीकडे लग्न होतं, तिथं ते लागणार होतं. चर्चची चावी त्याच्याकडेच असायची. बायकोला, चंद्रकांताला, म्हणाला, "तासाभरात येतो. कालवण गरम ठेव."

चर्च कुठलं ते सांगणार नाही. तुमच्यातले दोघं उद्याच व्हिडिओ काढायला पळाल. पोर्तुगिजांच्या काळातलं आहे, दगडी, एवढं पुरे. आत शिरलं की डोक्यावर माळा, आणि माळ्यावर ऑर्गन, उंच नळ्यांचा. गावात त्याला बाजाच म्हणतात. त्याला हवा लागते. ती हवा भरायला मागं भिंतीआड एक कोंदट खोली आहे, तिच्यात खाटेएवढा मोठा भाता, आणि भात्याला लाकडी दांडा. दांडा दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. भिंतीवर, भात्याला बांधलेल्या दोरीला, शिशाची गोटी टांगलेली. भाता भरला की गोटी वरच्या रेघेवर, रिता झाला की खालच्या.

हा दांडा मारायचा सुका. डोंगराकडच्या पाड्यावरचा माणूस. पोरवयापासून सणावाराला, लग्नाला तोच. त्या खोलीतून बाहेरचं काही दिसत नाही, म्हणून बाजाजवळ एक लाकडी मूठ होती, तिची तार भिंतीतून खोलीतल्या घंटीला. एक घंटी म्हणजे दांडा मार. दोन घंट्या म्हणजे थांब. सुका तरणा असताना एकदा मोठ्या सणाला बाजा मध्येच शांत झाला, त्याला वाटलं संपलं, त्यानं हात सोडला. पुढचा सूर आला तो रडका, आणि भर लोकांत सुकाच्या कानाखाली बसली. तेव्हापासून दोन घंट्या ऐकल्याशिवाय त्यानं दांडा सोडला नाही. भात्याचं चामडं जागोजागी फाटलेलं, बाजा वाजो न वाजो हवा गळतच असायची. तरी हा मारतच राहायचा.

त्याच्या आदल्या वर्षी, चोवीस साली, मुंबईहून निमेशसर आले. जानेवारीतले चार शनिवार, जुन्या संगीताचा सीझन. तीन-तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत, त्याच काळातल्या वाद्यांवर. आतड्याच्या तारांची व्हायोलिनं, लाकडी बासऱ्या. मला म्हणाले, माइक नको. जन्मभर साउंड केलेल्या माणसाला म्हणाले, माइक नको! मी पार्किंगमध्ये एक भोंगा लावून बसायचो. वामननं विचारलं, बाजाला मोटर बसवू का? निमेशसरांनी कानावर हात ठेवले.

"मोटर? छे छे. हवा हातानंच भरली पाहिजे. तेव्हा भरायचे तशीच. लोक त्याच्यासाठी तर येणार."

तीनशे वर्षांपूर्वीचा आवाज पाहिजे होता त्यांना, आणि तीनशे वर्षांपूर्वीसारखं राबवायला माणूस पाड्यावर आयता मिळाला. सुका तेव्हा सत्तरीला टेकलेला, छातीत घरघर. पण निरोप गेला तसा धुतलेला सदरा घालून हजर. गुळगुळीत कागदावर एक पुस्तिका छापली होती. वाजवणारे, गाणारे, फुलं देणारे, पार्किंगला वाडी देणारे, सगळ्यांची नावं तिच्यात. माझंही होतं. सुकाचं नव्हतं. ते मला तेव्हाच दिसलं होतं. पण स्वतःचं नाव छापलेलं बघून मी इतका खूश होतो की बोललो नाही.

पहिल्याच शनिवारी घोटाळा झाला. बाजा वाजवणाऱ्या बाईंनी शेवटचा सूर सोडला, उठल्या, टाळ्यांना वाकल्या आणि खाली गेल्या. मूठ विसरल्या. वीस मिनिटांनी वामनला आतला आवाज ऐकू आला, तेव्हा त्यानं मूठ दोनदा ओढली. सुका घामानं निथळत बाहेर आला, पण रागावला नाही. वामनला म्हणाला, "बाई मोठी मानसं, त्यांच्या ध्यानात नाय राहनार. तू इथं वरतीच असतोस ना लायटीला? मंग तूच देत जा. तुझ्या दोन घंट्या आल्या का मी हात सोडीन."

"देईन," वामन म्हणाला. "तू काळजीच करू नको."

पुढचे दोन शनिवार त्यानं दिल्या. शेवटचा शनिवार सत्तावीस जानेवारीचा. साडेनऊला कार्यक्रम संपला, लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. वामनचा हात मुठीकडे जातोय तोच खालून निमेशसर ओरडले, "वामन, अंगणातले लाइट गेले! पाहुणे अंधारात आहेत!"

वामन धावला. फ्यूज गेला होता, दहा मिनिटांचं काम. लाइट आले, टाळ्या झाल्या, निमेशसरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हातात ताट दिलं. सुरमई होती, पुलाव होता, शेवटी आइस्क्रीम. मीही जेवलो. हे मुद्दाम सांगतो. मीही जेवलो.

सुकाची बायको नवसी त्याची शाल घेऊन फाटकाबाहेर बसली होती. आत येऊ दिलं नव्हतं तिला. वामन पाणी प्यायला तिकडं गेला तर म्हणाली, "दादा, आमचा म्हातारा दिसला काय?"

"येईल गं," वामन म्हणाला. "जेवत असेल."

सव्वाअकरा वाजता वामनच्या हातातला आइस्क्रीमचा चमचा थांबला. त्यानं वर माळ्याकडं पाहिलं. "घंटी," एवढंच म्हणाला आणि पळाला. मी त्याच्या मागं.

सुका दांड्यावर ओणवा पडला होता. दोन्ही हात दांड्याला घट्ट. अंग गरम होतं. आणि भिंतीवरची गोटी वरच्या रेघेपासून सावकाश... अगदी सावकाश खाली येत होती. चामडं एवढं गळकं, दहा मिनिटंसुद्धा हवा धरायचं नाही. म्हणजे तो नुकताच थांबला होता. पावणेदोन तास आम्ही खाली जेवत होतो.

नवसीला वामननं सांगितलं, "मी दोन घंट्या दिल्या होत्या, बाय. काम झालं, तो टेकला, आणि तसाच गेला. तरास नाय झाला त्याला." मी बाजूला उभा होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.

ही आमची कमाई. पुढच्या वर्षी निमेशसरांनी गुपचूप मोटर बसवून घेतली. तेव्हा चालणार नव्हती ती आता चालली. दांडा काढून खोलीच्या कोपऱ्यात उभा केला. मुठीची तार मोटरच्या वायरला आडवी येत होती. वामननं खिशातून पकड काढली आणि तार कापली. मी म्हटलं, राहू दे की, असली तर काय बिघडतं? तर म्हणाला, "नाय लागत आता. नजरेसमोर नको." ही सतरा जानेवारीच्या संध्याकाळची गोष्ट.

आणि त्याच रात्री तो रीळ आणायला गेला.

सव्वाअकराला पोचला. मेन स्विच संध्याकाळी त्यानंच पाडला होता, तो पाडलेलाच. टॉर्च घेऊन माळ्यावर चढला. रीळ बाजाशेजारीच होतं. खांद्याला लावलं. वळला.

मागून आवाज आला.

फुस्स... कर्र... फुस्स... कर्र...

त्याला वाटलं मोटर. मग आठवलं, वीज नाही. आणि मोटर गुणगुणते. मोटरला धाप लागत नाही.

फुस्स... कर्र... आणि मध्ये बारीक घरघर. छातीतली.

वामन उभाच राहिला. मग भिंतीला तोंड लावून म्हणाला, "सुका... झालं रे. संपलं कवाच. सोड हात."

फुस्स... कर्र...

"सुका, मी वामन. मी सांगतोय ना..."

फुस्स... कर्र...

माणसाच्या शब्दावर तो कधी थांबलाच नव्हता. वामननं झेप घेऊन मूठ ओढली. मूठ हातात आली. मागं वीतभर तार. त्यानंच कापलेली.

आता घंटी वाजवायची तर आत जायला पाहिजे.

खोलीला बाहेरून कडी होती. त्यानं ती काढली. दार ढकललं. आणि टॉर्च बंद केली. स्वतःच. बघायचं नव्हतं त्याला. उजव्या हाताला भाता... डाव्या हाताला भिंत. भिंत चाचपत तो सरकला. शेजारी, अगदी कोपराजवळ, कुणीतरी वाकत होतं... उठत होतं. घामाचा वास. ओल्या सदऱ्याचा.

हाताला घंटी लागली. थंडगार.

त्यानं वाजवली.

टण्ण...

खिळा गंजलेला. घंटी उपटून मुठीत आली. आतला लोलक तळहातात दबला. आवाज मेला.

शेजारची धाप थांबली.

एक क्षण... काहीच नाही.

आणि मग सुरू झाली. दुप्पट जोरानं.

वामन कसा उतरला त्याला आठवत नाही. रीळ तिथंच पडलं. मोटारसायकल दामटली. घंटी खिशात होती. रस्त्याला खड्डे. गाडी आपटली की खिशात वाजायची. एकदाच. पुन्हा खड्डा... पुन्हा एकदाच. खाडीचा पूल आला तसा त्यानं गाडी थांबवली आणि घंटी अंधारात भिरकावून दिली. खाली पाणी वाजलं, तेव्हा कुठं बरं वाटलं त्याला.

रात्री एकला मला फोन आला. वामन म्हणाला, "एकच दिली मी."

"काय एकच?"

"दोन द्यायच्या होत्या. एकच वाजली. एक म्हंजे काय, तुला म्हायत हाय ना?"

मला माहीत होतं. मी फोन ठेवला.

शनिवारी कार्यक्रम झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. रविवारी वामन पालघरहून पितळेची नवी घंटी घेऊन एकटाच त्या खोलीपाशी जाऊन आला. दोन दिल्या म्हणाला, मग दोन दोन करत वीस वेळा दिल्या. आतली धाप थांबली नाही. ती घंटी सुकाच्या ओळखीची नव्हती.

मग तो नवसीकडं गेला, खरं सांगून टाकायला. मला म्हणाला होता, ती शिव्या देईल, मारेल, पण सुटेन तरी. पाड्यावर पोचला, तर तिनं त्याला पाट दिला, काळा चहा दिला आणि म्हणाली, "दादा, तुमी येलेवर घंट्या दिल्या म्हनून माझा म्हातारा निवांत गेला. त्याच्यावरच मी रातची झोपते." वामन चहा प्यायला आणि परत आला.

आता ओहोटीला पुलाखाली जाऊन बघा. गुडघाभर चिखलात एक म्हातारा हातानं चिखल चाळत असतो. रोज. मासळीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका वरून हसतात. त्यातली हंसा तर परवा ओरडली, "वामनभाव, कालवं नेतोस का निसता चिखलच मोजतोस?" तो मान वर करत नाही. मी दोनदा त्याच्याबरोबर उतरलो. तिसऱ्यांदा नाही गेलो. माझे गुडघे दुखतात, असं मी त्याला सांगितलं. गुडघे दुखत नाहीत माझे.

यंदा सीझन नाही. बाजा दुरुस्तीला काढलाय. गेल्या रविवारी मी माझा भोंगा आणायला गेलो होतो, दुपारी बाराला, लख्ख उन्हात. माळ्यावर गेलो. खोलीचं दार सताड उघडं होतं. मोटर नेलेली. भात्याचं चामडं फाडून काढलेलं, नुसत्या लाकडी फळ्या उरलेल्या, आरपार भिंत दिसत होती. दांडा कोपऱ्यात, त्याच्यावर कोळ्याचं जाळं.

गोटी वरच्या रेघेवर होती.

मी दहा मिनिटं उभा राहिलो. घड्याळ लावून. ती खाली आली नाही.