भीतीचे वाटेकरी

प्रतीक्षा विभागात एकटं आलेलं माणूस क्वचितच दिसे. सोलापूरच्या त्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर सगळे जोडीने बसलेले असत. नवरा-बायको असत, बहिणी असत, कधी सासू आणि जावई. प्रत्येकाच्या कानामागे बोटभर रुंदीची राखाडी पट्टी चिकटवलेली. त्यातल्या बहुतेकांना काहीच झालेलं नव्हतं. किंवा झालं होतं, पण ते अजून कळायचं होतं.

कुमुद म्हेत्रे तिथे एकटी आली, तेव्हा नर्सने सहज विचारलं, "मावशी, तुमचे वाटेकरी कुठायत?"

"कसले वाटेकरी?" कुमुद म्हणाली. "मला नुसतं विचारायचंय, झोप लागायला काही गोळी देता का."

कुमुदचा कडक भाकरीचा छोटा कारखाना होता. पोटात दुखलं म्हणून ती तपासायला आली होती. दुखणं पित्ताचं निघालं आणि आठवड्याभरात गेलंही. पण त्या तपासणीत स्वादुपिंडावर ज्वारीच्या दाण्याएवढा डाग दिसला, आणि तो काही तिच्या मनातून जाईना.

हे तिच्या एकटीचं नव्हतं. स्कॅनची यंत्रं आता इतकी सूक्ष्म झाली होती की आत वाकून पाहिलं तर जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात कुठे ना कुठे काहीतरी सापडे. एखादा डाग, एखादी गाठ, एखादी सावली. त्यातले बहुतेक डाग जन्मभर तसेच पडून राहत. थोडे वाढत. कोणता वाढेल हे मात्र यंत्राला सांगता येत नसे. इतक्या लहान डागात सुई घालणंही धोक्याचं. तीन महिने थांबायचं, पुन्हा स्कॅन करायचा आणि दोन चित्रं शेजारी ठेवून पाहायची, हाच एक मार्ग होता. दिसण्याची ताकद वाढली, कळण्याची वाढली नाही. मधल्या काळातलं हे वाट पाहणं हाच लोकांचा मोठा आजार झाला होता.

विभागाच्या प्रमुख डॉ. शमीम बागवान यांनी कुमुदला समोर बसवून घेतलं.

"झोपेची गोळी देते," त्या म्हणाल्या, "पण ती झोपेपुरतीच. दिवसाचं काय करताय?"

कुमुद म्हणाली, "परवा दोन घाण्यांचं पीठ बिनमिठाचं मळलं. आमची भाकऱ्या थापणारी महानंदा म्हणते, मावशी, काय करालाय तुम्ही? तीस वर्षांत असं झालं नव्हतं. हात चालतात हो, पण डोकं तिथं नसतं."

"आणि घरी?"

"घरी आमचे हे आहेत. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. त्यांना काही नाही. पेपर वाचतात, झाडांना पाणी घालतात. मी काही बोलले की म्हणतात, अगं, निघणार नाही काही." तिच्या आवाजात धार आली. "त्यांचं बरं आहे."

डॉक्टरांनी तिला पट्टी हातात दिली. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो, त्यांनी सांगितलं, आणि संकटाची घंटा तिथून वाजते. पूर्वी ती घंटा औषधाने पूर्ण बंद करून पाहिली होती. लोक मजेत राहिले. इतके मजेत, की तीन महिन्यांनी दुसऱ्या स्कॅनला फारसं कोणी आलंच नाही. त्यातल्या काहींचे डाग वाढलेले होते.

"म्हणजे भीती पुसून चालत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मग आम्ही ती वाटायला शिकलो. ही पट्टी तुमच्या मेंदूतली घंटा किती जोरात वाजतेय ते मोजते. दुसरी पट्टी वाटेकऱ्याला लावायची. तुमच्याकडची घंटा थोडी दबते आणि तेवढीच त्यांच्याकडे चढते. शाळेत प्रयोग केला असेल ना, दोन भांडी खालून नळीने जोडायची? पाणी इकडून तिकडे जातं आणि दोन्हीकडची पातळी सारखी झाली की थांबतं. हे तसंच. याला आम्ही समपातळी म्हणतो."

"मग ह्यांनाच आणते," कुमुद लगेच म्हणाली. "त्यांचं भांडं अगदी कोरडं आहे."

"मी परका माणूस सुचवेन. आमच्याकडे शिकवलेले वाटेकरी आहेत."

"परक्याला कशाला त्रास? घरचं माणूस असताना?"

डॉक्टर काही म्हणणार होत्या, पण थांबल्या. "आणा त्यांना," एवढंच म्हणाल्या.

विश्वंभर म्हेत्रे दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. उंच, शांत माणूस. पट्टी लावताना त्यांनी नर्सला विचारलं, "हे लावल्यावर हिला सगळं कळणार का?"

"विचार कळत नाहीत, काका. फक्त भीती."

त्यांनी कुमुदकडे एकदा पाहिलं आणि मान पुढे केली.

दोघं समोरासमोर खुर्च्यांवर बसली. डॉक्टरांनी पट्ट्या जोडल्या. कुमुद हलकं वाटायची वाट पाहत होती. पण आधी तिचे तळवे गार पडले. आतापर्यंतच्या तिच्या भीतीला शब्द होते. डाग, ऑपरेशन, कारखाना कोण बघेल. ही जी आत शिरत होती तिला शब्दच नव्हते. घर रिकामं झाल्यासारखी ती नुसती पसरत होती.

तिने घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण खांदे खाली आले होते. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला, कित्येक दिवस अडवून ठेवल्यासारखा, आणि बसल्या बसल्या त्यांचे डोळे मिटले.

डॉक्टरांनी जोडणी तोडली.

"पाणी तिकडून इकडे आलं," कुमुद म्हणाली. "असंच ना?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या.

विश्वंभर डोळे उघडून जमिनीकडे पाहत होते. "कळणार नाही असं वाटलं होतं," ते म्हणाले. "तीस वर्षं घाटातून गाडी काढली. ब्रेक कमी लागायला लागले तरी ड्रायव्हरने तोंडावर दाखवायचं नसतं. मागं पन्नास माणसं बसलेली असतात."

"मी पन्नास माणसं आहे का?"

"तू घाबरलेली. मीही घाबरलो असतो तर तू कुणाकडं बघितलं असतंस?"

कुमुदला राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही आवरून ती डॉक्टरांना म्हणाली, "तुमचा तो परका माणूस बोलवा."

नागेश बिराजदार हा शिकवलेला वाटेकरी होता. त्याचं भांडं मोठं आणि रिकामं, असं डॉक्टर म्हणत. त्याच्याशी पट्टी जोडली आणि कुमुदच्या अंगावरून जणू ओलं घोंगडं कुणीतरी उचलून नेलं. नागेशने मान हलवली आणि हातातला पेपर वाचत राहिला. त्याने तिचं नावही विचारलं नाही. त्याची पट्टी त्याच्याकडे आणि तिची तिच्याकडे, अशी ती घरी आली. पट्ट्या गावात कुठेही असल्या तरी एकमेकींशी बोलत.

ती गाढ झोपली. सकाळी भाकऱ्या कागदासारख्या पातळ उतरल्या. महानंदाने तिच्याकडे दोनदा निरखून पाहिलं आणि हसली. आठवडा असाच गेला. डाग आहे हे कुमुदला माहीत होतं, तपासणीची तारीखही लक्षात होती. फक्त ते सगळं शेजारच्या गल्लीतल्या कुणाचं तरी असावं, तितकं लांब वाटत होतं.

एका दुपारी दोघं जेवायला बसली होती. विश्वंभरनी घास केला आणि तो ताटातच राहिला. आता लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून असेल, पण त्यांनी ताट उघड उघड दूर सारलं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. कुमुदने हे सगळं पाहिलं. शेंगाचटणीची वाटी त्यांच्याकडे सरकवली आणि स्वतःची भाकरी चवीने संपवली.

हात धुताना मात्र तिच्या लक्षात आलं, की आपल्याला काहीच वाटलं नाही. नवरा समोर उपाशी उठला आणि आपलं पोट नीट भरलं. ती नळाशी तशीच उभी राहिली. भीती गेली होती, पण तिच्याबरोबर त्यांच्याबद्दलची काळजीही गेली होती. तीही नागेश बिराजदारकडे पेपर वाचत बसली होती.

तिने पट्टी काढली. पहिली दोन मिनिटं फार वाईट गेली. मग ती बाहेर आली. ते जास्वंदीला पाणी घालत उभे होते आणि आळं भरून पाणी वाहून चाललं होतं.

"अहो," ती म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चला. पट्ट्या आपण दोघंच लावायच्या."

"तुला त्रास होईल."

"होऊ दे."

डॉक्टरांनी समजावून पाहिलं. तुमची पातळी चढेल, त्या म्हणाल्या, एकटीची होती त्याहून जास्त. कुमुद म्हणाली, "ह्यांची उतरेल ना? मग जोडा."

पहिले दिवस कठीण होते. भाकरी थापताना मध्येच त्यांची भीती तिच्यात चढे आणि ती घरी फोन करी. "आत्ता काय झालं तुम्हाला?" पलीकडून ते खरं सांगत. डॉक्टरांचा फोन आला असं वाटलं, किंवा कपाटातली तिची लग्नातली साडी दिसली. चाळीस वर्षांत या माणसाने इतकं बोललेलं तिला आठवत नव्हतं. मग फोन करण्यापेक्षा बरं, म्हणून ते कारखान्यातच येऊन बसू लागले. भाकऱ्यांची पाकिटं बांधू लागले. त्यांची पाकिटं वाकडी असत, आणि महानंदा ती मागून गुपचूप पुन्हा बांधी.

महिन्याभराने डॉक्टरांनी त्यांचा आलेख पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. रेघ उतरत होती. सावकाश, पण दोघांचीही.

"परक्याबरोबर असं होत नाही," त्या म्हणाल्या. "तिथे पट्टी काढली की सगळं परत जिथल्या तिथे येतं. भीतीबरोबर राहिलं की मेंदू तिला सरावतो. दुसऱ्याकडे ठेवायला दिलेली भीती मात्र तशीच ताजी राहते."

"पण आम्ही काही केलं नाही," विश्वंभर म्हणाले.

"बोललात ना."

दुसरा स्कॅन झाला. निकाल ऐकायला दोघं त्याच खोलीत बसली. डाग होता तेवढाच होता, तसूभरही वाढला नव्हता. चांगलं लक्षण आहे, डॉक्टर म्हणाल्या, पण शंभर टक्के मी आज सांगणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.

कुमुदने मान डोलावली. अर्धंच उत्तर मिळालं तर काय होईल, याची तिला सगळ्यात जास्त धास्ती होती. ते मिळालं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे. विश्वंभर म्हणाले, "सहा महिने ना. काढू की." या वेळी ते तिला खरं वाटलं.

बाहेर नवी जोडपी आली होती. कोपऱ्यातल्या एका गृहस्थाला नर्सने नुकतीच पट्टी लावली होती. दुसरी त्याच्या बायकोच्या कानामागे होती. मिनिटभरात त्याचा आवळलेला चेहरा सुटला.

"कमाल आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "अर्धं ओझं उतरलं. हिच्यामुळे बरं का. हिचा मला पहिल्यापासून फार आधार." त्याने बायकोचा हात हातात घेतला. ती खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या दुसऱ्या हाताचं बोट पट्टीच्या कडेवरून फिरत होतं.

कुमुदने दाराशी आलेल्या डॉक्टरांना हळूच विचारलं, "त्यांना इतक्या लवकर कसा आराम पडला? आम्हाला तर..."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "पाणी जायला तिकडे जागा असावी लागते. तिकडे थेंबही नसेल तर असंच होतं."

त्या बाईला नवऱ्यासाठी भीती वाटतच नव्हती, हे कुमुदला समजायला एक क्षण लागला. "त्यांना सांगितलंत?"

"विचारलं तर सांगेन. पण ज्यांना बरं वाटतं ते विचारत नाहीत." डॉक्टर म्हणाल्या, "आता तर लग्न ठरवायच्या आधी लोक पट्ट्या मागायला येतात. मी देत नाही. दुसरीकडे मिळतात."

तो गृहस्थ बायकोला काहीतरी गमतीचं सांगत होता. तिने मान वळवली आणि हसली. ती खरोखरच घाबरलेली दिसत होती आता. त्याची भीती तिच्यात उतरली होती, आणि ती कशी धरायची हे तिला ठाऊक नव्हतं.

"त्यांचं झटक्यात झालं," जिना उतरताना विश्वंभर म्हणाले. "आपल्यालाच मेलं एवढं जड का गेलं?"

कुमुदने त्यांचा दंड धरला आणि दोघं एकेक पायरी उतरत रस्त्यावरच्या उन्हात आली.