बर्फाच्या समुद्रातलं करावे

धनेशला यात मिळण्यासारखं काय होतं, ते आधी बघू. त्याच्या लॅपटॉपवर एक जगावेगळी ऑपरेटिंग सिस्टिम होती. जगभरातली मूठभर हौशी माणसं ती सांभाळतात, बाकी कोणी तिला विचारत नाही. तिचं कोणी एकदा तरी कौतुक करावं, एवढी त्याची जुनी इच्छा. आणि आता समोर उभी होती एक मुलगी... वैतागलेली, आणि वैतागली की डावी भुवई उचलणारी.

रुतिकाला हवा होता फक्त नकाशा.

शनिवारची संध्याकाळ, नेरुळमधलं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. दुकानदार हौसेराव तिचा लॅपटॉप उघडून मान हलवत होते. "उद्या रात्रीपर्यंत तरी काही खरं नाही मॅडम."

"अहो, सोमवारी सुनावणी आहे!"

करावे गावच्या खाडीत नवी जेट्टी व्हायची होती. सरकारी आराखड्यात गावकऱ्यांचे जाळी बांधायचे, खाडीत रोवलेले खुंट कुठेच नव्हते. नकाशा दिला नाही, तर सरकारच्या लेखी तिथे नुसतं पाणी. म्हणून रुतिका वडिलांच्या होडीतून फिरून एकेका खुंटाची जागा मोबाईलवर टिपून आली होती. आणि नेमका आता लॅपटॉप बसला.

"माझ्यावर करू ना," शेजारी माऊस घ्यायला आलेला धनेश म्हणाला. "म्हणजे... माझ्या लॅपटॉपवर."

"नकाशाचं सॉफ्टवेअर आहे तुमच्याकडे?"

"माझ्या सिस्टिमसाठी ते तयार मिळत नाही. पण सोर्स कोड मिळतो. तो घ्यायचा आणि कम्पाइल करायचा, म्हणजे त्यातून सॉफ्टवेअर आपणच घडवायचं. अर्ध्या तासाचं काम."

लॅपटॉपवाल्यांचा अर्धा तास आणि रिक्षावाल्याचं 'हे काय, पुढंच आहे' यांवर विश्वास ठेवणारी माणसं अजून आहेत, म्हणून तर जग चाललंय.

रविवारी सकाळी धनेश करावेला हजर. रुतिकाच्या घराच्या ओटीवर त्याने लॅपटॉप मांडला. वडील चांगदेव पलीकडे जाळं विणत बसले होते. खाडीवरून चिखलाचा खारट वास येत होता, आणि लॅपटॉपचा पंखा असा घुरघुरत होता की कोंबड्या लांबून जात होत्या.

पडद्यावर आकडा सरकत होता. चाळीस टक्के... साठ... सत्त्याऐंशी. आणि लाल अक्षरं.

"काय झालं?"

"एक लायब्ररी, म्हणजे कोडचा एक जोडतुकडा, सापडत नाहीये. किरकोळ आहे."

किरकोळ दुरुस्ती झाली. पुन्हा चाळीस, पुन्हा सत्त्याऐंशी, पुन्हा लाल. जेवणाची वेळ झाली. चांगदेवांनी पाहुण्यासाठी पहाटेच चिखलातून धरलेल्या चिंबोऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांचं, कालवण ताटात आलं. धनेश एका हाताने खात होता, दुसऱ्याने टाइप करत होता.

"यो पोरगा करतंय काय?" चांगदेवांनी विचारलं.

"बाबा, ज्या कंप्युटरवर हे चालत नाही, त्याच्यावर चालवून दाखवतोय."

"चालतं त्याच्यावं का नाय चालवत?"

"तेच विचारते मी!" रुतिका धनेशकडे वळली. "तुम्हाला सरळ रस्ता दिसला की अ‍ॅलर्जी होते का हो?"

"सरळ रस्त्याने गेलो असतो तर... कालवण मिळालं नसतं."

भुवई वर गेली. पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. धनेशने ते टिपलं, आणि टाइप करताना दोन चुका केल्या.

चार वाजता बॅटरी संपत आली. "बॅगेत चार्जर आहे, देता का?" तो बेसावधपणे म्हणाला. तिने बॅग उघडली. चार्जर निघाला. त्याच्याखालून दुसरा लॅपटॉप निघाला. गुलाबी.

"हा कोणाचा?"

"...श्रुतीचा. बहिणीचा."

"चालतो?"

"चालतो."

"नकाशाचं सॉफ्टवेअर आहे त्याच्यात?"

धनेश खाडीकडे बघू लागला. "काल रात्रीच टाकून ठेवलं. सहापर्यंत माझं नाही झालं, तर हा काढणार होतो. आईशप्पत."

"म्हणजे सकाळपासून..." तिचा आवाज चढला. तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही. "माझ्या बाबांचे खुंट जायची वेळ आलीय, मी इथे जीव मुठीत धरून बसलेय, आणि तू... तू टाइमपास करतोयस?"

"टाइमपास नाही, रुतिका. मला फक्त... थोडा वेळ जास्त बसायचं होतं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हौसेरावांना फोनवर ओरडून बोलायची सवय. "मॅडम, सकाळीच सांगितलं ना लॅपटॉप तयार आहे म्हणून? नेताय कधी? आठला बंद करतो मी!"

चांगदेवांची सुई हवेतच थांबली.

"सकाळी?" धनेशने हळूच विचारलं.

"मी पण... सहापर्यंतच थांबणार होते," रुतिका जाळ्याकडे बघत म्हणाली. कान लाल झाले होते.

धनेशच्या लॅपटॉपने 'टिंग' केलं. शंभर टक्के! दोघं एकदम वाकले, डोकी आपटली. नकाशा उघडला. खुंटांचे निळे ठिपके ओळीने उमटले होते... नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात.

"तितं पानी गार असंल," चांगदेव चष्मा सरकवत म्हणाले. "चिंबोऱ्या मिलतील काय?"

धनेशचा चेहरा उतरला. रुतिकाने मात्र ठिपक्यांकडे नीट पाहिलं आणि हसायलाच लागली. "अक्षांश-रेखांश उलटे वाचतंय तुझं लाडकं सॉफ्टवेअर. सरक." तिने दोन रकाने अदलाबदल केले. ठिपके उडी मारून खाडीत आले, जिथे तिने ते होडीतून टिपले होते, नेमके तिथे.

"चांगली आहे रे तुझी सिस्टिम," ती म्हणाली. "हट्टी आहे. पण चांगली आहे."

"सिस्टिमबद्दल बोलतेस ना?"

"...नाही."

सोमवारी नकाशा फायलीला लागला. सुनावणीच्या साहेबांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि खुंट आराखड्यात दाखवायला सांगितलं. जेट्टीची रेघ सरकली.

आता कोणाला काय मिळालं आणि कोणाला हे केवढ्याला पडलं, ते बघू. रुतिकाला नकाशा मिळाला, वर एक हट्टी माणूस. धनेशला कौतुक मिळालं, वर ती भुवई, कायमची. हौसेरावांचं दुकान त्या रविवारी रुतिकाची वाट बघत उशिरापर्यंत उघडं राहिलं, एवढंच. पण चांगदेव अजून दर रविवारी पहाटे चिखलात उतरतात, आणि सगळ्यात भरलेली चिंबोरी स्वतःच्या ताटात न घेता जावयाच्या ताटात टाकतात.

"सहापर्यंत," ते पुटपुटतात. "म्हनं सहापर्यंत."